प्रमाद की अंतराय?

गेल्या वर्षीच्या दसऱ्याच्या सुमाराची गोष्ट. आमचे पाथर्डीला भांड्यांचे दुकान आहे. दसरा झाला की तालुक्यातील ऊसतोड कामगारांच्या टोळ्या कारखान्यांकडे निघू लागतात. उचल हाती आलेली असते, म्हणून निघण्यापूर्वी पातेले, परात, तवा, हंडा अशी खरेदी होते. पाठोपाठ दिवाळी येते. आमच्या धंद्याचे हेच दिवस. अशा ऐन हंगामात जामखेडच्या एका व्यापाऱ्याला पाठवायच्या मालाचा टेम्पो भरून दुकानासमोर उभा होता आणि त्याचे ई-वे बिल निघत नव्हते. संगणकाच्या पडद्यावर कारण स्पष्ट दिसत होते. सलग दोन महिन्यांचे जीएसटीचे ३-बी विवरणपत्र थकले की जावक मालाचे ई-वे बिल बंद होते. आमच्या पेढीचे पाच महिन्यांचे थकले होते.

ते भरण्याचे काम माझ्याकडे होते.

धाकट्या भावाने माझ्या टेबलाचा खण उघडला. आत सतरा लिफाफे होते आणि त्यांतील एकही फोडलेला नव्हता. पाचही महिन्यांची खरेदी-विक्री मात्र पैशापर्यंत जुळवून नोंदलेली होती. कराची रक्कम बँकेत पडून होती. पोर्टल उघडायचे, आकडे भरायचे आणि भरणा करायचा, एवढी शेवटची पायरी तेवढी राहिली होती. तिच्यापायी विलंबशुल्क दिवसाला पन्नास रुपयांनी आणि करावरील व्याज वर्षाला अठरा टक्क्यांनी वाढत होते. भाऊ रागावला नाही. त्याने एवढेच विचारले, "भैया, का?"

मला उत्तर देता आले नाही, कारण ते मलाच ठाऊक नव्हते. रोज सकाळी मी त्या कामाचा निश्चय करून दुकानात येत होतो आणि रोज रात्री ते न झाल्याची लाज घेऊन घरी जात होतो. त्या पाच महिन्यांत मला त्या कामाची आठवण झाली नाही असा एकही दिवस गेला नाही.

मी आज एकोणपन्नास वर्षांचा आहे. हा लेख त्या 'का'चे उत्तर शोधताना झालेल्या वर्षभराच्या प्रवासाचा आहे. उत्तर पुरते सापडलेले नाही. तरीही लिहितो आहे, कारण आपल्या व्यापारी कुटुंबांत प्रत्येक दोन-चार घरांआड असा एखादा भाऊ, काका किंवा सून असते. हुशार आहे पण कामाचा नाही, असे ज्यांच्याविषयी म्हटले जाते, ती माणसे मला म्हणायची आहेत.

आळशी हा शब्द

लहानपणी आमच्या गावात धार्मिक पाठशाळा होती. आचार्यसम्राट आनंदऋषीजी महाराज साहेबांच्या प्रेरणेने उभे राहिलेले श्री तिलोकरत्न स्थानकवासी जैन धार्मिक परीक्षा बोर्ड पाथर्डीचेच, त्यामुळे त्या परीक्षा आम्हां मुलांना घरच्यासारख्या वाटत. आठव्या वर्षी मला पूर्ण प्रतिक्रमण मुखोद्गत होते. पंचवीस बोल मी उलट क्रमानेही म्हणून दाखवीत असे. तोच मी, परीक्षेचा अर्ज भरून गुरुजींना द्यायचा असला की तो आठ-आठ दिवस दप्तरात घेऊन फिरत असे. बाबूजींना हे कोडे उलगडत नसे. ते म्हणत, "डोकं आहे, पण हाडी आळस आहे."

दुकानातही तेच झाले. कोणते पातेले किती वजनाचे आणि कोणत्या गेजच्या पत्र्याचे, हे मला बोटाने टिचकी मारून आवाजावरून सांगता येते. मात्र त्याच आवाजाने माझे डोके फुटायची वेळ येते. स्टीलचे डबे एकात एक घालताना होणारा खणखणाट मला दातांत बोचल्यासारखा जाणवतो. मढीच्या यात्रेच्या किंवा मोहटादेवीच्या नवरात्राच्या गर्दीत दोन तास गल्ल्यावर बसलो की रात्री मला बोलणेही नकोसे होते. एक गिऱ्हाईक परात दाखवा म्हणत असताना दुसऱ्याने भाव विचारला, त्यातच फोन वाजला, की माझे मन गोठून जाते. हात चालतच नाहीत. पाहणाऱ्याला वाटते, हा नुसता बसून आहे.

बाबूजींनी जाण्यापूर्वी पेढीचे भागीदारीपत्र नव्याने करून घेतले. बँकेत सही करण्याचा अधिकार त्यांनी एकट्या धाकट्या भावाला दिला. व्यवहार म्हणून तो निर्णय योग्यच होता. पण ते मला आळशी समजूनच गेले, ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही.

मनातला मुनीम

पुण्याच्या एका मानसशास्त्रज्ञ बाईंनी मला प्रथम 'एक्झिक्युटिव्ह फंक्शन' ही संज्ञा समजावून सांगितली. मराठीत तिला कार्यकारी क्षमता म्हणतात. काम ठरवणे, त्याच्या पायऱ्या पाडणे, वेळेवर सुरुवात करणे, मध्ये दुसरे काही आले तर ते बाजूला सारणे, एका कामातून दुसऱ्यात जाणे, काम संपवून हातावेगळे करणे, ही सर्व कामे मेंदूचा कपाळामागील भाग इतर भागांच्या मदतीने करतो. अभ्यासक यात तीन मूळ गोष्टी सांगतात. हाताशी लागणारी माहिती मनात धरून ठेवणे, ही पहिली. आवेग आवरणे, ही दुसरी. प्रसंग बदलला की विचाराची दिशा बदलता येणे, ही तिसरी.

ही क्षमता बुद्धीहून वेगळी आहे, हे वैद्यकाला फार पूर्वी दिसले. १८४८ मध्ये अमेरिकेत फिनीअस गेज नावाच्या रेल्वेच्या मुकादमाच्या डोक्यातून सुरुंगाच्या स्फोटाने लोखंडी पहार आरपार गेली. तो वाचला. तो चालत होता, बोलत होता, त्याची स्मरणशक्तीही शाबूत होती. पण त्याचे डॉक्टर हार्लो यांनी नोंदवले की आखलेले बेत तो तडीस नेईनासा झाला, आणि ओळखीच्या लोकांना तो पूर्वीचा गेज राहिला नाही असे वाटू लागले. बुद्धी जागेवर असतानाही ती कामाला जुंपणारी यंत्रणा बिघडू शकते, असा या घटनेचा बोध पुढे अनेकांनी घेतला.

बाईंचे बोलणे ऐकताना मला आमचे मुनीमजी आठवले. बाबूजींच्या काळी दुकानात मुनीमजी होते, दोन गुमास्ते होते आणि हमाल होता. रोजमेळ मुनीमजी लिहीत आणि खतावणीही तेच करीत. कोणाची उधारी थकली, कोणाची हुंडी कधी वटणार, हे तेच सांगत. बाबूजी गादीवर बसून गिऱ्हाईक सांभाळत. म्हणजे आठवण ठेवणे, पायऱ्या पाडणे आणि वेळ पाळणे ही अर्धी कार्यकारी क्षमता त्यांनी पगारावर ठेवलेली होती. त्यांना कोणी परावलंबी म्हटले नाही. त्यांना शेठजी म्हटले गेले.

आज मुनीमजी नाहीत. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला. महिन्याच्या ११ तारखेला एक विवरणपत्र आणि २० तारखेला दुसरे, पोर्टलचा पासवर्ड, मोबाइलवर येणारा ओटीपी, बँकेचे केवायसी, व्हॉट्सअॅपवर येणाऱ्या मागण्या हे सारे एकाच माणसाच्या डोक्यावर आले. ज्यांच्या मनातला मुनीम सशक्त आहे, त्यांनी ते पेलले. माझ्यासारख्यांचे उणेपण मात्र तेव्हा उघडे पडले. ते जन्मापासून होतेच, फक्त मुनीमजींच्या पगारात झाकलेले होते.

आधी रक्त, मग मन

येथे एक इशारा देणे मी माझे कर्तव्य समजतो. काम सुरू न होणे म्हणजे स्वमग्नता, असे मुळीच नाही. माझ्या बाबतीत पहिले पाऊल म्हणून नगरच्या डॉक्टरांनी रक्ततपासणी करविली. थायरॉइड मंदावले तरी माणूस असाच जड होतो. ब-१२ जीवनसत्त्व मुख्यतः प्राणिज अन्नातून मिळते. आपण शाकाहारी, आणि दूधदुभतेही कमी घेत असलो तर त्याची कमतरता सहज होते. तिने थकवा, विस्मरण आणि हातापायांना मुंग्या येतात. माझे ब-१२ कमी निघाले. उपचाराने थकवा उतरला, पण लिफाफे उघडले गेले नाहीत.

त्यानंतर नैराश्याचा विचार झाला. नैराश्यातही माणूस काम सुरू करू शकत नाही, परंतु त्यात आवडीच्या गोष्टींतला रसही आटतो. माझा रस आटलेला नव्हता. जुन्या तांब्या-पितळेच्या भांड्यांचे घाट आणि गावोगावची त्यांची नावे मी वीस वर्षे वहीत उतरवीत आलो आहे. त्या वह्या पुढे आल्या की मला जेवणाची शुद्ध राहत नाही. झोपेचे विकार, दीर्घकाळची चिंता, डोक्याला झालेली जुनी इजा, वाढते वय आणि अवधान-अस्थिरता म्हणजे एडीएचडी यांतही कार्यकारी क्षमता कमी पडते. एवढ्या वाटा एकाच दाराशी येत असल्याने मोबाइलवर दोन मिनिटांची चित्रफीत पाहून स्वतःचे निदान करू नये, हे मी अनुभवाने सांगतो. मीही तेच करून बसलो होतो.

स्वमग्नतेचा प्रश्न

ऑटिझम म्हटले की आपल्यासमोर न बोलणारे, हात फडफडवणारे लहान मूल येते. १९४३ मध्ये लिओ कॅनर या बालमनोविकारतज्ज्ञांनी अमेरिकेत अकरा मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले. दुसऱ्या वर्षी व्हिएन्नात हान्स अॅस्पर्गर यांनी, उत्तम बोलणारी पण समवयस्कांत न मिसळणारी, एकाच विषयात बुडून जाणारी मुले वर्णिली. त्यांच्याही आधी, १९२५ मध्ये, रशियात ग्रुन्या सुखारेवा या डॉक्टर बाईंनी अशा मुलांविषयी लिहिले होते. १९८१ मध्ये इंग्लंडच्या लॉर्ना विंग यांनी अॅस्पर्गर यांचे काम पुन्हा पुढे आणले. २०१३ मध्ये अमेरिकी मनोविकार संघटनेच्या निदानग्रंथाने वेगवेगळी नावे एकत्र करून 'स्वमग्नता वर्णपट' हे एकच निदान केले. एकाच माणसाला स्वमग्नता आणि एडीएचडी दोन्ही असू शकतात, हेही त्याच आवृत्तीने मान्य केले.

वर्णपट हा शब्द महत्त्वाचा आहे. मुंबईची जलतरणपटू जिया राय स्वमग्न आहे. तिने २०२१ मध्ये वांद्रे-वरळी सागरी सेतूपासून गेटवे ऑफ इंडियापर्यंतचे छत्तीस किलोमीटरचे अंतर पोहून पार केले. कोणाला जन्मभर सांभाळावे लागते, तर कोणी संसार, दुकान, मुलेबाळे करूनही आपण वेगळे का, हे न कळता म्हातारा होतो. निदानाचे निकष मात्र दोनच गोष्टींभोवती फिरतात. एक, इतरांशी देवाणघेवाण करण्याची रीत वेगळी असणे. दुसरी, ठरावीकपणाची ओढ, एखाद्या विषयाचा ध्यास आणि आवाज, प्रकाश, स्पर्श यांची तीव्र किंवा मंद जाणीव. ही लक्षणे बालपणापासून असावी लागतात. कार्यकारी अडचण या निकषांत नाही. ती स्वमग्न व्यक्तींत वारंवार आढळते, एवढेच खरे.

पुण्यात माझ्या तीन बैठका झाल्या. केंब्रिजच्या संशोधकांनी २००१ मध्ये केलेली पन्नास विधानांची प्रश्नावली मी भरली. ती चाळणी आहे, निदान नव्हे, हे मला आधीच सांगितले होते. मग बालपणाचा साक्षीदार हवा होता. बाबूजी गेलेले. बाईचे वय अठ्ठ्याहत्तर. मी तिला घेऊन गेलो.

मानसशास्त्रज्ञ बाईंनी विचारले, "हे लहानपणी कधी बोलायला लागले?"

बाई म्हणाली, "तीन वर्षांचा होईपर्यंत एक शब्द नाही. मग एकदम वाक्यंच बोलायला लागला."

"इतर मुलांत खेळत होते?"

बाईने माझ्याकडे पाहिले. मग ताठ बसून ती म्हणाली, "माझ्या मुलाला काहीही झालेलं नाही. तो देवमाणूस आहे." त्यापुढे तिने एकाही प्रश्नाचे उत्तर दिले नाही. परतीच्या वाटेवर शिरूरपर्यंत ती गप्प होती. नंतर हळूच म्हणाली, "तू पायरीवर बसून डबे रचायचास. एका ओळीत. कुणी हलवला तर रडायचास. हे तिथं सांगायला हवं होतं का?"

अहवालात लिहिले आहे की स्वमग्नतेशी जुळणारी लक्षणे आहेत, एडीएचडीचीही शक्यता आहे, बालपणाची माहिती अपुरी असल्याने ठाम निष्कर्ष काढता येत नाही. सहा महिन्यांनी पुन्हा यावे. मी अद्याप गेलेलो नाही. त्यासाठी फोन करून वेळ घ्यावी लागते, आणि तेच तर माझे दुखणे आहे!

प्रमाद आणि अंतराय

धार्मिक घरात वाढलेल्या माणसाला वैद्यकीय उत्तराने पूर्ण समाधान होत नाही. माझा खरा प्रश्न हा होता की हे माझे पाप आहे काय? उत्तराध्ययन सूत्राच्या दहाव्या अध्ययनात भगवान महावीर गौतमस्वामींना प्रमादापासून पुन्हा पुन्हा सावध करतात. तत्त्वार्थसूत्रात बंधाची पाच कारणे सांगितली आहेत, त्यांतही प्रमाद आहे. लहानपणापासून हा शब्द माझ्याच दिशेने रोखला जातो असे मला वाटत आले.

चातुर्मासात मी एका साध्वीजींसमोर हे मांडले. त्यांनी मला उपदेश केला नाही. प्रमादाचे पाच प्रकार म्हणून दाखवायला सांगितले. मी म्हटले, मद, विषय, कषाय, निद्रा, विकथा. त्यांनी विचारले, "लिफाफा उघडत नाही तेव्हा यांतले काय असते?" मी विचार केला. कधी कधी विकथा असते, हे मला मान्य करावे लागले. काम टाळून मोबाइलवर निरर्थक गोष्टी पाहण्यात मी तास घालवले आहेत, आणि ते कोणत्याही आजाराच्या नावावर मला मांडता येणार नाही. पण पुष्कळदा यांतले काहीच नसते. मी लिफाफ्याकडे पाहत असतो, इच्छा असते, कर्तव्याची जाणीव असते, शरीरात बळ असते, आणि हात उचलत नाही. साध्वीजींनी मला अंतराय कर्माचे पाच भेद आठवायला सांगितले. दानांतराय, लाभांतराय, भोगांतराय, उपभोगांतराय आणि वीर्यांतराय. सामर्थ्य आणि इच्छा असूनही पुरुषार्थ प्रकट होऊ न देणारे कर्म म्हणजे वीर्यांतराय.

शास्त्रावर आधुनिक निदानाची चिठ्ठी चिकटवण्याचा माझा हेतू नाही. दोन्हींची भूमी वेगळी आहे. पण एक गोष्ट मला त्या दिवशी कळली. आपल्या परंपरेला 'करीत नाही' आणि 'होत नाही' यांतला भेद ठाऊक आहे. तो भेद आपण घरात विसरतो. दुसरी गोष्ट अशी की अंतराय म्हणजे सुटका नव्हे. कर्माचा क्षयोपशम होऊ शकतो. त्यासाठी उपादानाबरोबर निमित्तही लागते. अशा माणसाला आपण उपदेश भरपूर करतो, निमित्त मात्र पुरवीत नाही.

निमित्ताची व्यवस्था

निमित्त कसे असते, हे मला स्थानकातच शिकायला मिळाले होते. घरी एकट्याने सामायिक करायची म्हटली तर माझे आसन खुंटीवरून खाली येत नाही. स्थानकात दहा जण बसले असले की माझी सामायिक सहज होते. कोणी माझ्याशी बोलत नाही, कोणी मदत करीत नाही. केवळ शेजारी कोणी तरी तेच करीत बसलेले असते. त्यात अठ्ठेचाळीस मिनिटांची मर्यादा असते, आरंभाचा आणि समाप्तीचा पाठ ठरलेला असतो. नवकारशी, प्रतिक्रमण, चौविहार, सकाळी धारण करायचे चौदा नियम यांनी आपला दिवस खुंट्या ठोकल्यासारखा बांधलेला असतो. ज्याच्या मनातला मुनीम दुबळा आहे, त्याला या खुंट्यांचा केवढा आधार असतो, हे मी सांगू शकतो.

तीच रीत आम्ही दुकानात आणली. दर महिन्याच्या १८ तारखेला सकाळी दुकान उघडण्यापूर्वी भाऊ माझ्या टेबलाशी त्याचे काम घेऊन बसतो. अठ्ठेचाळीस मिनिटांचा गजर लावतो. मला काही सांगत नाही. मी फक्त लॅपटॉप उघडायचा, एवढीच पहिली पायरी लिहिलेली असते. दुसरी पायरी पहिली झाल्यावर वाचायची. आलेला लिफाफा त्याच दिवशी माझी पत्नी फोडते आणि आतला मजकूर एका ओळीत फळ्यावर लिहिते. आठवड्यातून दोन दिवस हिशेबनीस येतो. त्याचा पगार आम्ही भरलेल्या दंड-व्याजाहून कमी पडतो, हा हिशेब मांडल्यावर भावाचीही खात्री पटली. गल्ल्याऐवजी मी आता मागच्या खोलीत खरेदी आणि साठा पाहतो. डबे रचताना कानात बोळे घालतो. ओरडून चार कामे सांगण्याऐवजी एक काम चिठ्ठीवर द्यावे, अशी पोरांना सवय लावली आहे.

या वर्षभरात दोनदा विवरणपत्र उशिरा गेले, दहादा वेळेवर गेले. मी बरा झालेलो नाही. पण आता अडचण कोठे आहे हे सर्वांना दिसते, म्हणून तिच्यावर एकट्या माझ्या लाजेचा पहारा नाही.

कागद आणि स्थळ

ठाम निदान घ्यावे की नाही, यावर घरात मोठी चर्चा झाली. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये एकवीस प्रकारांत स्वमग्नतेचा समावेश आहे. त्यापूर्वी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यातही तो होता. पण डॉक्टरांचे निदान आणि सरकारी प्रमाणपत्र या दोन निराळ्या गोष्टी आहेत. प्रमाणपत्राचे बरेच लाभ चाळीस टक्के किंवा अधिक दिव्यांगत्वाला मिळतात, आणि चाळीस बाबींची जी भारतीय मोजपट्टी आहे ती मुख्यतः मुलांना समोर ठेवून केलेली आहे. माझ्यासारख्याला प्रमाणपत्राची गरज नाही. निदानाची मात्र ओढ आहे, कारण ते मला माझ्या वडिलांच्या शब्दातून सोडवील असे वाटते.

पत्नीची चिंता वेगळी होती. आमची मुलगी बावीस वर्षांची आहे. तिच्यासाठी स्थळे पाहणे चालू आहे. "अहो, तिचं लग्न होऊ द्या, मग काय तो कागद आणा," असे ती म्हणाली. तिचे चुकले असे मी म्हणणार नाही. परिचय संमेलनात काय काय विचारले जाते, हे आपण सर्व जाणतो. आपण मधुमेह सांगतो, मनाचे दुखणे झाकतो, आणि मग ते सुनेच्या किंवा जावयाच्या वाट्याला न सांगता येते. स्वमग्नतेत आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो, हे संशोधनाने दाखविले आहे. म्हणूनच मी गप्प बसू पाहत होतो.

हा लेख लिहू की नको, असे मी मुलीलाच विचारले. ती म्हणाली, "पप्पा, नावानिशी लिहा. ज्यांना हे वाचून नकार द्यायचा आहे त्यांनी आत्ताच द्यावा. माझा वेळ वाचेल."

मग मी स्वमग्न आहे काय? एका दृष्टीने आहे, असे अहवाल म्हणतो. दुसऱ्या दृष्टीने नाही, असे बाई म्हणते, आणि तिची दृष्टी अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या मायेची आहे. दोन्ही एकाच दमात सांगायचे तर शब्द अपुरे पडतात. आपल्या स्याद्वादाने अशा अवस्थेलाही 'अवक्तव्य' असे नाव दिले आहे. पूर्वी मला तो पंडितांचा शब्दच्छल वाटे. आता मी त्यात वर्षभर राहतो आहे, आणि उत्तर येईपर्यंत तेथे राहता येते असे मला आढळले. कारण मदतीची व्यवस्था निदानासाठी अडून राहिली नाही. चष्म्याचा नंबर निघेपर्यंत दिवा जवळ घेऊन वाचता येतेच.

वाचकांना हात जोडून एवढेच सांगणे आहे की आपल्या घरात असे कोणी असेल तर आधी वैद्यकीय तपासणी करा. मूल असेल तर 'मोठेपणी सुटेल' म्हणून वर्षे घालवू नका, बालविकासतज्ज्ञांना लवकर दाखवा. मोठे माणूस असेल तर त्याला विचारा की काम कोणत्या पायरीवर अडते, आणि त्या पायरीवर शेजारी बसा. मनाचा भार असह्य झाल्यास शासनाच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र विनामूल्य उपलब्ध आहे. मराठीतूनही बोलता येते.

यंदा संवत्सरीला प्रतिक्रमण आटोपल्यावर भावाने माझे पाय धरले आणि खमतखामणा केली. दरवर्षी करतो. यंदा त्याने जोडले, "भैया, सही करायला तुम्हीही या. वकिलांना सांगितलंय." भागीदारीपत्राचा तो कागद माझ्या खणात आहे. माझी सही अजून व्हायची आहे. १८ तारखेला करू, असे ठरले आहे.

जिनाज्ञेविरुद्ध किंवा कोणाचे मन दुखावेल असे काही लिहिले गेले असल्यास त्रिविधे मिच्छामि दुक्कडम्.